चिंचोक्याचं विमान

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे, की 'लहान मुलांना विमानविद्येची गोडी कशी लावावी' या विषयावर अनुभवाचे चार उपयुक्त शब्द लिहा. अनुभव आहे. उपयुक्त शब्द मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी मागवावेत. मुलांना विमानाची गोडी लावावी लागत नाही, ती असतेच. मोठ्या माणसांनी मध्ये तोंड घातलं नाही तर ती टिकतेही. खरं म्हणजे लेख इथंच संपला; पण संपादकांना पानं भरायची आहेत आणि मलाही पेन्शनीत दुसरा उद्योग नाही, म्हणून पुढं लिहितो.

बेळगावातल्या एका शाळेत मी हस्तकलेचा मास्तर होतो. म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गणिताचे मास्तर रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर जाऊन पोरांना गप्प बसवणारा, गॅदरिंगचा पडदा रंगवणारा, हेडमास्तरांच्या खुर्चीचा पाय निखळला की ठोकून देणारा, आणि उरलेल्या वेळात मुलांना रंधा धरायला शिकवणारा माणूस. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची दाराजवळ असायची, कुणी हाक मारली तर उठायला सोपं. अशा माझ्याकडं शाळेचं 'बाल विमानछंद मंडळ' आलं ते मी लायक होतो म्हणून नव्हे. विमानाला पंख असतात, पंख लाकडाचे असतात आणि लाकडाचं सगळं सुतारमास्तर बघतात, अशा हिशेबानं आलं.

मंडळाची कल्पना रावसाहेबांची. रावसाहेब शाळेच्या कमिटीवर होते. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एकदा कॅम्पातल्या मैदानावर एक छोटं विमान उतरलं होतं आणि पैसे घेऊन हौशी लोकांना एकेक चक्कर मारून आणत होतं. रावसाहेब वर गेले. विमान धरायला उभा असलेल्या माणसानं मला सांगितलं, की साहेबांनी जाताना मिटलेले डोळे येताना उघडले आणि टोपी डोक्याऐवजी दुसऱ्याच कामाला वापरली. पण खाली उतरल्यावर वैमानिकाचा चष्मा मागून घेऊन त्यांनी फोटो काढला. तो फोटो दिवाणखान्यात लागला आणि त्या दिवसापासून आमच्या भागात विमानविद्येत त्यांच्यापुढं कुणी राहिलं नाही. येणारा काळ हवेत आहे, असं ते म्हणायचे. त्यांचं बोलणं ऐकताना मलाही ते पटायचं.

मंडळाची सुरुवात त्यांनी टोप्यांपासून केली. खाकी टोप्या, त्यावर पत्र्याचे पंख. मग शपथ आली. मग प्रश्नोत्तर आलं. रावसाहेब शाळेत आले की सात-आठ वर्षांची ही चिल्लीपिल्ली रांगेत उभी करायची आणि त्यांनी एकेकाच्या हनुवटीला हात लावून विचारायचं, "मोठेपणी कोण होणार?" पोरानं छाती काढून म्हणायचं, "वैमानिक होणार, रावसाहेब." त्याची तालीम मी घ्यायची. एक पोरगं दर वेळी "हवालदार" म्हणायचं, त्याला मागच्या रांगेत ठेवण्याचा हुकूम होता.

शेवटी मुंबईहून पेटी आली. तिच्यात विलायती हलक्या लाकडाचे तुकडे, रबराचा पीळ, रंगीत नकाशा आणि चिकटवायच्या द्रवाची एक नळी होती. रावसाहेबांनी ती समारंभानं शाळेला अर्पण केली आणि हेडमास्तरांनी ती तितक्याच समारंभानं ढालींच्या शेजारी काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलांनी हात लावला तर खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. मधल्या सुट्टीत पोरं काचेला नाक लावून उभी राहत. विमानाचा छंद लावण्याची ही जी पद्धत आहे, ती मी इतर शाळांतही पाहिली आहे. वस्तू आणायची, कुलूप लावायचं, आणि वार्षिक अहवालात दोन ओळी लिहायच्या.

मी पोरांना घेऊन शाळेमागच्या शेडात गेलो. पूर्वी तिथं कुणाचा तरी टांग्याचा घोडा बांधत. वास अजून होता. तिथं आम्ही आमची विमानं केली.

आमचं विमान म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे नंतर घोटाळा नको. इंजिन नाही, रबर नाही. हातातून सोडायचं आणि वाऱ्यावर तरंगत जाईल तेवढं जाऊ द्यायचं. कणकुंबीकडच्या रानातला वाळका कळक, म्हणजे बांबू, आणायचा, चिरून त्याच्या बारीक कामट्या काढायच्या, चिमणीच्या दिव्यावर धरून हव्या तशा वाकवायच्या. पंखाचा सांगाडा झाला की त्यावर पतंगाचा कागद चिकटवायचा. मागं शेपूट, पुढं नाकाला थोडी चिकणमाती. मग पंखाखाली दोन बोटं लावून विमान तोलून धरायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. मागं झुकलं तर ते वर तोंड करून थांबतं आणि बदकन पडतं. फार पुढं झुकलं तर सरळ मातीत घुसतं. सगळी विद्या या दोन बोटांवर आहे, बाकी नुसतं चिकटवणं. आणि शेवटची गोष्ट, जी लहान मुलांना सगळ्यात अवघड जाते: विमान फेकायचं नसतं, सोडायचं असतं. दगड मारायची सवय असलेल्या हाताला हे समजायला महिना लागतो. रावसाहेबांना कधीच समजलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची आली. एका वकिलांनी विचारलं, याचा कुठल्या परीक्षेला उपयोग होतो. नाही म्हटल्यावर त्यांनी मुलाचा कान धरला आणि संध्याकाळच्या इंग्रजीच्या शिकवणीला नेला. एका बाईंनी मुलगा आणून सोडला, कारण घरी तो स्वस्थ बसत नव्हता. शेडात तो इतका स्वस्थ बसू लागला की आठवड्याभरात त्या त्याला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. बेळगुंदीच्या एका पोरानं चिकणमातीऐवजी नाकाला रताळ्याचा तुकडा खोचला. विमान सुंदर उडालं. दुसऱ्या दिवशी तेच विमान तोंड वर करून आपटायला लागलं, आणि रताळं वाळून हलकं झालंय हे त्याचं त्यानंच शोधून काढलं. मला वाटतं, त्या वर्षी आमच्या शाळेत कुणाला खरोखर काही समजलं असेल तर ते त्याला. हेडमास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, खाण्याच्या वस्तूची नासाडी करू देऊ नका.

आता पदमूचं सांगतो. पदमण्णा त्याचं नाव. चिकोडीकडच्या एका जैन शेतकऱ्याचा नातू, बेळगावात आत्याकडं शिकायला राहिलेला, वय वर्षं आठ. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि शेडात आला की दोन्ही बंद. बोलायचाच नाही. पण त्याचा हात असा हलका, की कामटीवर कागद ठेवला की सुरकुती पडायची नाही. बाकीची पोरं विमान सोडून धावत सुटायची. हा जागेवरच उभा राहून, मान वाकडी करून ते कुठं झुकतंय ते बघायचा. चाळीस वर्षं पोरांना हत्यारं धरायला शिकवली, त्यात असा हात मी दुसरा पाहिला नाही. माझा जीव होता त्याच्यावर. लपवत नाही.

त्याचं आज्जावर, म्हणजे आजोबांवर, फार प्रेम. बाप लहानपणीच गेलेला, आज्जानंच वाढवलेला. तो म्हातारा महिन्यातून एकदा गाडीनं यायचा, गूळ, शेंगा घेऊन. असाच एकदा आला आणि नातवाला जवळ घेताना त्याच्या बोटांचा वास त्याला आला.

तो वास सरसाचा. सुतारांना तो इतका सवयीचा असतो की नाकाला कळतही नाही. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकटा. बाजारात त्याच्या तांबूस वड्या मिळतात. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात तो पातळ करायचा. लाकडाला त्याच्यासारखी पकड कशाची नाही. जैनाच्या घरात मात्र तो उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि मी महिनाभर त्या पोराच्या हाती तेच भांडं दिलं होतं. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. पोराला तो कशाचा असतो हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आज्जा शेडात आला. धोतर, कोट, हातात झाकणाचा तांब्या. चिडलेला नव्हता, आणि तेच मला जड गेलं. चिडलेल्या पालकांची मला सवय होती. त्यानं सगळी विमानं हातात घेऊन पाहिली, पदमूचं कुठलं ते न विचारता ओळखलं. मग भांड्याकडं बघून नातवाला कानडीत "ब्याड" एवढंच म्हणाला, म्हणजे नको. आणि माझ्याकडं वळला.

"मास्तर, पोराचा हात चांगला हाय, ते मला दिसतंय. पण हाडाकातड्याचा चिकटा आमच्यात चालत न्हाय. दुसरं काय असंल तर बघा. न्हाय जमलं तर दिवाळीला मी त्याला गावाकडं नेतो. तिकडं बी शाळा हाय."

मी म्हणालो, शाळा कशाला सोडवता, शेडात नाही आला म्हणजे झालं.

"तो येणार," आज्जा म्हणाला. "त्याला विचारलं मी. तो खोटं बोलत न्हाय, म्हणाला ऱ्हावणार न्हाय. मग लपून येईल. लपून करायची सवय मला नको हाय."

दिवाळीपर्यंत सरसाशिवाय उडणारं विमान करायचं, नाहीतर पदमू जाणार, असं ठरलं. हेडमास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक मुलगा कमी झाला तर टोपी परत घ्यायला विसरू नका अशी सूचना केली. रावसाहेबांच्या पेटीतली ती नळी मागितली, तर ती शोभेच्या संचाचा भाग आहे असं कळलं.

आम्ही कणकेची खळ करून पाहिली. ती रात्रीतून उंदरांनी खाल्ली आणि जाता जाता पंखही कुरतडले. बाभळीचा डिंक लावला. तो वाळला की काचेसारखा होई. विमान जमिनीला टेकलं की सांधे टचकन उडत. पदमू मुकाट्यानं कामट्या गोळा करायचा आणि माझ्या तोंडाकडं बघायचा. दसरा जवळ येत होता.

मी तेव्हा शहापुरात विणकरांच्या गल्लीत राहत होतो. दोन्ही अंगांना माग, दिवसभर खटखट. शेजारच्या सावित्राक्का रोज सुताला द्यायची खळ शिजवायच्या, आणि मी वर्षानुवर्षं त्या वासानं जागा होऊनही मला ती दिसली नव्हती. एके सकाळी त्यांनीच विचारलं, तोंड का उतरलंय. मी सांगितलं. त्यांनी चुलीवरचं भांडं दाखवलं. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. सूत ताठ होतं, पण मोडत नाही, वाकतं. "कशाचा प्राणी न्हाय का काय न्हाय, चिंचंचं बी हाय," त्या म्हणाल्या. वाटीभर खळ त्यांनी करवंटीत घालून दिली, वर थोडा मोरचूद घाला म्हणजे उंदीर शिवणार नाहीत हेही सांगितलं.

ती धरली. सांधा धरला, आदळला तरी सुटला नाही, आणि वाळल्यावर कागद ढोलक्याच्या कातड्यासारखा ताणून बसला. खळीला शत्रू एकच, पाणी. ओल लागली की ती परत मऊ होते. म्हणून शेडात नियम केला: ओल्या हातानं विमानाला शिवायचं नाही. खंडेनवमीला आम्ही हत्यारांबरोबर विमानं पुजली तेव्हाही पोरांनी कोरडं फूल वाहिलं, हळदीकुंकू बाजूच्या पाटाला लावलं. सात-आठ वर्षांच्या पोरांना जे समजलं ते शहाण्या माणसांना समजेल, असं मी गृहीत धरलं.

दसरा झाल्यावर रावसाहेबांनी प्रात्यक्षिक ठेवलं. हिंडलग्याच्या वाटेवर एक माळ आहे, एका अंगाला उंचवटा, खाली भुईमुगाची शेतं. तिथं मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, सतरंज्या अंथरल्या. सतरंज्यांवर पोरं, डोक्यावर टोप्या, हाताची घडी. विमान पदमूचं उडवायचं असं मी ठरवलं होतं. आज्जाला निरोप धाडला होता, तो आला; खुर्चीवर न बसता कडेला, आपल्याच पंच्यावर बसला, शेजारी तांब्या. जाताना नातवाला बरोबर न्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. त्यालाही माहीत होतं, मलाही, आणि पदमूलाही.

मी पोराला घेऊन पुढं झालो, तर रावसाहेबांनी हात वर केला. शुभकार्य असं कोरडं कसं सुरू होईल. दोन बायका तबक घेऊन पुढं आल्या. विमानाला ओवाळलं. नाकाला ओलं कुंकू लावलं. मग झेंडूचा हार, विमानापेक्षा जड, तो पंखावर घातला. हार मी हळूच काढून घेतला; एवढ्यावर भागलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण हेडमास्तरांनी नारळ पुढं केला.

"रावसाहेब, पाणी नको," मी म्हणालो. "पंख खळीचे आहेत."

"मास्तर, मंगल कार्यात खोडा घालू नका," रावसाहेब म्हणाले, दगडावर नारळ फोडला आणि अर्ध्या कवडीतलं पाणी अगदी भाविकपणे, बोटांनी, दोन्ही पंखांवर शिंपडलं. थोडं शेपटीलाही दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पदमूनं विमान दोन्ही हातांनी धरलं होतं. तो कुणाकडं बघत नव्हता. पंखावरच्या थेंबांखाली कागद कसा सैल पडत चाललाय, तेवढंच बघत होता. मी त्याला थांब म्हणेपर्यंत हेडमास्तरांनी शिट्टी फुंकली आणि त्याला तालमीत शिकवल्याप्रमाणं त्यानं ते सोडलं. दोन माणसांच्या उंचीपर्यंत गेलं. मग डावा पंख हात जोडावा तसा उजव्यावर मिटला आणि सगळं रावसाहेबांच्या खुर्चीपुढं येऊन पडलं.

रावसाहेब हसले. फार प्रेमळ हसले. चिंचोक्यावर विमानं उडत नसतात, असं त्यांनी मंडळींना समजावून सांगितलं, आणि पुढच्या महिन्यापासून सरस किंवा विलायती चिकटा याखेरीज काही वापरू नये असा हुकूम तिथल्या तिथं सोडला. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच मूर्ख माणसांपुढं मान खाली घातली आहे, त्याशिवाय हस्तकलेच्या मास्तरची पेन्शन होत नाही. त्या दिवशी मात्र मला त्यांचा नारळ त्यांच्याच डोक्यावर फोडावासा वाटला. तसं केलं नाही, कारण तेवढ्यात ते भाषणाला उभे राहिले.

पदमूनं तुकडे उचलले आणि तो उंचवट्याच्या मागं गेला. मी मागोमाग गेलो. पोरगं रडत नव्हतं. मांडीवर रुमाल पसरून तुकडे लावत होतं. काय सुटलं विचारलं तर त्यानं बोटानं दाखवलं: पंखाचा मधला सांधा, त्याची एक कामटी आणि शेपूट. मोडलं काही नव्हतं. माझ्या पिशवीत खळीची करवंटी होती, पण ती उन्हानं आटून गोळा झाली होती, आणि त्या माळावर पाण्याचा टिपूस नव्हता. नारळाचं होतं, ते मांडवात राहिलं होतं.

एक सावली पडली. आज्जा. मला वाटलं, नातवाला न्यायला आला. त्यानं धोतर सावरलं, आमच्याशेजारी मांडी घातली, पदमूच्या हातातला सांधा घेऊन बोटानं चाचपला.

"पाण्यानं सुटलंय व्हय?"

पदमूनं मान हलवली.

"मग पाण्यानंच बसंल."

त्यानं तांब्याचं झाकण काढलं आणि करवंटीत धार धरली. आणि मग, मला चांगलं आठवतं, थांबून माझ्याकडं बघून अगदी गंभीरपणे म्हणाला, "गाळलेलं हाय. चालंल न्हवं?"

मी म्हटलं, चालेल.

खळ मऊ झाली. पदमूनं सांधे बसवले, आज्जानं ते दोन बोटांत दाबून धरले. आता वाळायला वेळ हवा होता, आणि तो वेळ आम्हाला रावसाहेबांनी दिला. माझ्या माहितीत त्यांच्या भाषणाचा जगाला झालेला तो एकमेव उपयोग. ते पुराणातल्या विमानांपासून निघाले. मग पाश्चात्त्यांची प्रगती झाली. मग स्वतःची ती चक्कर आली; तिच्यात या खेपेला वादळ होतं. ऊन दसऱ्यानंतरचं, कडक. कागदावरची ओल डोळ्यांदेखत उडत होती, पंख पुन्हा ताठ होत होते, आणि पलीकडून आवाज येत होता की भावी पिढीनं मान वर केली पाहिजे. मी आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना केली की हा माणूस थांबू नये. थांबला नाही.

पदमूनं विमान दोन बोटांवर तोललं. नाक जास्त झुकत होतं. कुंकवाचं ढेकूळ होतं तिथं. ते त्यानं नखानं खरवडून काढलं. मग कुणाला न विचारता उंचवट्यावर चढला, वाऱ्याकडं तोंड केलं, आणि सोडलं.

ते मांडवावरून गेलं. घाई न करता, जरा डावीकडं कलून, रावसाहेबांच्या पागोट्यावरून, खुर्च्यांवरून, सतरंज्यांवरून. पहिल्यांदा हवालदारवाल्या पोरानं बघितलं, कारण तो मागच्या रांगेत होता. तो उठला. मग दुसरा उठला. मग हाताची घडी वगैरे सगळं सुटलं आणि सबंध बाल विमानछंद मंडळ टोप्या टाकून विमानामागं भुईमुगाच्या शेताकडं धावलं. ते उतरलं तेव्हाही रावसाहेब रिकाम्या सतरंज्यांना मान वर करायला सांगत होते.

माझा एक भाबडा समज होता, की आता ते ओशाळतील. तशी माणसं ओशाळत नाहीत. विमान परत आणलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की हे त्यांच्याच मार्गदर्शनाचं फळ आहे, आणि पहिल्या उड्डाणाचं अपयश मुलांच्या चिकाटीची परीक्षा म्हणून मुद्दाम योजलेलं होतं. हेडमास्तरांनी हे अहवालात घातलं. चिंचोक्याबद्दलचा हुकूम आपण दिलाच नव्हता, असंही दोघांना एकदम आठवलं. मग रावसाहेबांनी पदमूला जवळ ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाळ, सांग बघू, मोठेपणी कोण होणार?"

"ठावं न्हाय," पदमू म्हणाला. "शेपूट वाकडं झालंय. ते सरळ करतो आधी." आणि त्यांचा हात खांद्यावरून काढून गेला.

वैमानिक म्हणाल, तर एकही निघाला नाही. पदमू आता गावाकडं शेती बघतो, गुऱ्हाळ चालवतो. रताळंवाला कुठंतरी कारकून आहे. हवालदार मात्र हवालदार झाला. मंडळही पुढं राहिलं नाही. लढाई आली, सांबऱ्याच्या माळावर खरी मोठी विमानं उतरायला लागली, आणि शेड धान्याच्या पोत्यांना गेलं. पेटी अजून कपाटात असेल. जे लोक मला किती वैमानिक निघाले विचारतात, त्यांच्या स्वतःच्या मुलांना लहानपणी गोट्या खेळताना मी बघितलं आहे. त्यातून किती काय निघालं, हे मी कधी विचारलेलं नाही. मंडळ गेलं याचं मात्र वाईट वाटतं. ते शेड मी भांडून ठेवायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही.

पण त्या दिवसाचं राहिलं. मांडवातली मंडळी चहा घेऊन पांगली. रावसाहेबांची मोटार गेली. पोरं उंचवट्यावरच राहिली. पदमूनं शेपूट सरळ केलं होतं. आता तो सोडायचा, बाकीची आणायची, मग पाळीपाळीनं एकेकाला सोडायला द्यायचा, आणि कुणी जोरानं फेकायला लागलं की त्याचं मनगट धरायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. आज्जा पंच्यावर बसून होता. नेणार की ठेवणार, ते काही बोलला नव्हता, आणि मला विचारायचा धीर होत नव्हता.

दिवस कलला. जैनाचं जेवण दिवस असेतो. बुडाला की पाण्याखेरीज काही नाही, आणि हा म्हातारा तर पाणीही घेत नसे. आत्याचं घर लांब होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, आप्पा, निघा आता, तुमचं जेवण राहील. त्यानं नुसता हात हलवला, बसा म्हणून. विमान त्या वेळी शेतावरून वळत होतं, आणि पदमूसारखीच त्याचीही मान वाकडी झालेली मला दिसली.

सूर्य हिंडलग्याच्या पलीकडं गेला. विमान दिसेनासं झालं तेव्हा पोरं खाली आली. पदमू आज्जापुढं येऊन उभा राहिला, विमान पाठीशी धरून. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला, पंचा झटकला, रिकामा तांब्या उचलला.

"तुझ्यापायी उपास पडला रं आज," तो म्हणाला. मग दोन पावलं चालून, मागं न बघता, "उद्या जरा लौकर उडवा. जेवायच्या आत."